शिंगणवाडीचं पाणी

उमरीच्या अंगाला पाच गावांनी मिळून संघ उभा केला आणि हळद शिजवायचा कुकर घेतला, तेव्हा शेजारची शिंगणवाडी काही त्यात आली नाही. शिंगणवाडीचं नाकच मोठं. आमचा मंगळवारचा बाजार आम्ही ठरवू, दुसऱ्याच्या बैठकीत हात वर करत कोण बसणार, असा त्यांचा बाणा. यंदा हळद उदंड झाली, ओल्या हळदीचे ढीग घराघरापुढे पडले, आणि नुसत्या बाण्यावर हळद शिजत नाही हे गावाला कळलं. इकडे संघाचं तरी काय? कुकर होता, पण वाळवायला धड जागा नव्हती. शिंगणवाडीला मात्र सिमेंटचं ऐसपैस खळं होतं.

संघाचा अध्यक्ष ग्यानोबा, डोक्यानं तल्लख आणि हट्टाला पक्का. तोड काढली ती सचिव दीपालीनं. ती नायगावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकलेली.

"काका, युरोपातल्या देशांचा असाच संघ हाय. शेजारच्या देशाला सभासद करत न्हाईत, पर भागीदारीचा करार करतेत. देवाणघेवाण समदी, मत तेवढं न्हाई."

"म्हंजे पंगतीला बसा, पर वाढपी आमचा," ग्यानोबा म्हणाला. त्याला ते एकदम पटलं.

बोलणी करायला दोघं शिंगणवाडीला गेले. बैठक सरपंच शेषेरावांच्या ओसरीवर होती. शेषेराव म्हणजे ग्यानोबाचे व्याही. त्याची लेक उज्वला याच घरात दिलेली. आता ग्यानोबाच्या भावकीची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. उज्वलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा काही हलला नव्हता. ग्यानोबा यायचा तो घरची पाण्याची बाटली घेऊनच यायचा, ख्यालीखुशाली विचारायचा आणि उठायचा.

बोलणी झटपट जुळली. कुकर पाळीपाळीनं शिंगणवाडीत येणार, संघाची हळद खळ्यावर वाळणार. सगळे खूश. उज्वलानं चहा आणला. सगळ्यांनी कप उचलले. ग्यानोबानं सवयीप्रमाणे आपला कप बाजूला सारला आणि बाटलीचं झाकण उघडलं.

अंगणात बसलेली साखराबाई हे बघत होती. म्हातारीच्या शब्दाला गावात वजन होतं.

"आमच्या गावचं पाणी ज्याला चालंना, त्याला आमचं खळं कसं चालतंय?"

ओसरीवर कुजबुज सुरू झाली. दोघंतिघं मान डोलवू लागले.

"अवं, त्यांची रीत हाय ती," शेषेराव ओशाळून म्हणाले. "लेकीला मूल न्हाई अजून, म्हणून."

बोलून गेले आणि त्यांनीच जीभ चावली. मग घाईघाईनं पुढे म्हणाले, "असं करू. दीपाली पिऊन राहिली न्हवं चहा? तिनं पिला म्हंजे संघानं पिला."

"हाव, चालतंय की," साखराबाई म्हणाली. तिचं समाधान झालं. करार झाल्यात जमा होता.

ग्यानोबाचं लक्ष मात्र दाराकडे गेलं. रिकामा ट्रे छातीशी धरून उज्वला उभी होती आणि खाली मान घालून त्याच्या हातातल्या बाटलीकडे बघत होती. इतकी वर्षं ही बाटली आपण रीत म्हणून आणतोय, आणि दर खेपेला साऱ्या गावाला सांगून जातोय, की माझ्या लेकीला मूल नाही. हे आपल्याला आज कळावं? त्याला स्वतःचाच भारी राग आला.

"उजे," तो म्हणाला, "आदी पाणी आन. माठातलं."

उज्वला जागची हलेना. शेवटी शेषेरावांनीच "आन की पोरी" म्हटलं, तेव्हा ती आत पळाली. ग्यानोबानं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मग गार झालेला चहाही घेतला. शेषेरावांनी डोळे पुसले आणि लगेच कुकर आधी कुणाकडे लावायचा यावरून गावाशी वाद घालायला लागले.

कप न्यायला आलेली उज्वला हळूच म्हणाली, "आबा, दीपालीचं चाललं असतं की. करार तर झालाच व्हता."

"करार झाला व्हता गं. पर तुजा बाप मी हाय न्हवं?" ग्यानोबा म्हणाला. "जेवूनच जातो आज."

उज्वला लगबगीनं आत गेली. चूल पेटल्याचा वास आला. थोड्या वेळानं ती पुन्हा दारात आली, हाताला पीठ तसंच.

"आबा," तिनं विचारलं, "तुमी तिखट किती खाता आता?"