मंगळवार मालाडवाल्यांचा

मंगळवारी दुपारी गुणाजीच्या गॅरेजमधला रेडिओ बंद पडला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. ऐन कामाला दगा देणारी वस्तू नको त्या वेळी बरोबर चालते. रेडिओ ठणठणीत होता आणि त्यातून सुयोगच्या आत्याचा आवाज अख्ख्या मुंबईला ऐकू जात होता.

आरजे गंधालीनं तसं वावगं काही विचारलं नव्हतं. 'बिनफिल्मी' हा तिचा दुपारचा कार्यक्रम. सिनेमातलं एकही गाणं लावायचं नाही, ही तिची अट. मालाडहून नलिनी नावाच्या बाईंचा पहिल्यांदाच फोन आला. 'चोक ओढ' बँडचं 'स्टार्ट होत नाय' लावा, म्हणाल्या. गंधाली खूश झाली. "मावशी, या वयात तुम्हाला असलं धडाकेबाज गाणं आवडतं? मग दोन ओळी म्हणून दाखवाच!"

"मी खय म्हणतलंय गो बाय," नलिनीआत्या मोकळेपणानं म्हणाली. "आमका ता गाणा-बिणा कायेक म्हायत नाय. गुणाजीन ग्रुपार टाकल्यान, मंगळवार मालाडवाल्यांचो. म्हणान फोन केलंय."

रेडिओवर शांतता पसरली. घरात कोणी गप्प बसलं तर चालतं, रेडिओ गप्प बसला की माणूस उठून बटणं पिळायला लागतो. मग घाईघाईनं गाद्यांची जाहिरात लागली.

गॅरेजात सुयोग गिटार गळ्यात अडकवून उभा होता. निलेशच्या हातातल्या ड्रमच्या काठ्या तशाच वर राहिल्या. बेस वाजवणारी ऋतिका खाली बसली, ती थेट टायरवर. आणि गुणाजी? सुयोगचा सख्खा काका, गॅरेजचा मालक, गावच्या ग्रामस्थ मंडळाचा मुंबईचा सरचिटणीस! तो एका स्कूटरच्या इंजिनात डोकं घालून बसला होता. त्याला आता कार्ब्युरेटरमधून बाहेरच यायचं नव्हतं.

"काका," सुयोग म्हणाला, "आत्या काय बोलली?"

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते ऐका. ही तिघं विक्रोळीची, घरं एकमेकांना लागून. वाजवायला जागा कुठली असणार? गुणाजी दुपारी जेवायला गेला की गॅरेजात शटर अर्धं ओढून धिंगाणा घालायचा. बँडचं नावही तिथलंच. गाणं निलेशच्या मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं, मागे हवा भरायच्या कंप्रेसरची घरघर. महिन्यापूर्वी मुलुंडच्या गंधालीची स्कूटर हायवेवर बंद पडली. ढकलत ढकलत ती गुणाजीकडे आली आणि शटरखालून गाणं ऐकून तिथंच उभी राहिली. स्कूटर दुरुस्त झाली तरी हलेना. "हे मला द्या," म्हणाली, "उद्या लावते."

तिनं खरंच लावलं. रोज लावलं. रेडिओ स्टेशनवर तिचा साहेब होता देवव्रत, तो म्हणाला, गॅरेजमधला कचरा काय लावतेस? ती भांडली. "एक महिना द्या. लोकांचे फोन आले नाहीत तर मी स्वतः कार्यक्रम बंद करीन." असं पणाला लावायला कोणी सांगितलं होतं तिला? पण गाणं डोक्यात शिरलं की शहाणी माणसंही वेडी होतात.

आणि फोन आले. आधी चार, मग रोज पंधरा-वीस. घाटकोपरहून, मालाडहून, पार माहुलहून. सुयोग रात्री उशाला ते आवाज घेऊन झोपायचा. आपल्याला न ओळखणारी माणसं आपलं गाणं मागताहेत, यापरतं सुख काय असतं? अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आपली माणसं आहेत, असं तो ऋतिकाला सांगायचा आणि ती त्याची टिंगल करायची. पण तिलाही ते खरं वाटत होतंच की.

"बोला ना काका!"

गुणाजीनं डोकं वर काढलं. तो रागावलेला नव्हता, उलट त्याला जरा अभिमानच वाटत होता. "अरे, गावात सप्त्याक काय करतंव? एक वाडी दमली की दुसरी उभी रवता. भजन तुटूक देत नाय. तसाच लावलंय. सोमवार घाटकोपर, मंगळवार मालाड, बुधवार माहुल. आपल्या झिलाचा गाणा आसा, ता काय असाच मरूक देवचा?"

"म्हणजे सगळे फोन..."

"सगळे," गुणाजी म्हणाला. "एक दिवस पाळी तुटूक दिलंय नाय."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! काकावर ओरडावं तर कसल्या तोंडानं? गेली दोन वर्षं 'कान फाटले, बंद करा ते' म्हणून बोंबलणारा हा माणूस चोरून त्यांच्यासाठी सप्ताह लावून बसला होता. सुयोग मंडळाच्या ग्रुपवर असता तर त्याला कळलं असतं. पण रोजच्या सुप्रभातींना कंटाळून तो कधीच ग्रुप सोडून गेला होता. त्यानं गिटार काढून भिंतीला टेकवली आणि शटरबाहेर जाऊन उभा राहिला. रडू येत होतं आणि रस्त्यावर रडायची लाज वाटत होती.

संध्याकाळी गंधालीचा फोन आला. देवव्रतला वाटत होतं की गंधालीनंच बँडला हाताशी धरून फोन करवले. उद्या तिला त्याच्यासमोर बसायचं होतं.

"ताई, मी येतो. मी खरं काय ते सांगतो. तुम्हाला काहीच माहीत नव्हतं!"

"तू येऊ नकोस," गंधाली म्हणाली. "ऐक माझं. गप्प बस, मी बघते."

पण गप्प बसेल तो सुयोग कसला? आपल्यापायी एका बाईवर लबाडीचा आळ आला, हे त्याला सहन होईना. रात्रभर तळमळला आणि सकाळी निलेशच्या बाइकवर मागे बसून जोगेश्वरी लिंक रोडनं अंधेरीला पोचला. वाटेत निलेश दोनदा म्हणाला, "यार, ताई नको म्हणाल्या ना?" सुयोगनं दोन्ही वेळा ऐकलं नाही असं दाखवलं.

देवव्रत आवाज चढवणारा माणूस नव्हता. अशांनाच जास्त भ्यावं. त्यानं दोघांना बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाला, "बोल."

सुयोग बोलत सुटला. मंडळ, सप्ताह, पाळ्या, मालाडची आत्या. "ताईंचा यात काडीचा संबंध नाही, सर. फोन सगळे आमच्या गाववाल्यांचे."

"सगळे?"

टेबलाखाली निलेशनं त्याच्या पायावर पाय दिला. सुयोगला वाटलं चुकून लागला.

"एकूण एक, सर. आईशप्पत."

"म्हणजे बाहेरच्या माणसाचा एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही!" सुयोग म्हणाला. त्याला वाटलं, आता ताई सुटल्या. छाती भरून आली त्याची.

देवव्रतनं कप खाली ठेवला. "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, गंधाली फोन मॅनेज करते. तसं असतं तर मी तिला दम भरून ठेवून घेतलं असतं. मॅनेज करणारा माणूस रेडिओला लागतोच. पण महिनाभरात ज्या कार्यक्रमाला एकही खरा माणूस फोन करत नाही, तो मी कशाला चालवू? आज शेवटचा."

टेबलाखालचा तो पाय चुकून लागला नव्हता, हे सुयोगला आता कळलं.

"तुमच्या मंडळात माणसं किती आहेत रे?" देवव्रतनं सहज विचारलं. "त्या वेळेला मी फर्माइशीचा नवा कार्यक्रम आणतोय. असे पाळीनं फोन येत राहिले तर बघ. तुमचंही गाणं मधूनमधून वाजवू."

एरवी प्रत्येक गोष्टीची मस्करी करणारा निलेश उठला आणि म्हणाला, "नको सर. चहा झकास होता." आणि त्यानं सुयोगला दंडाला धरून बाहेर आणलं.

पॅसेजमध्ये गंधाली उभी होती. तिला सगळं कळलं होतं. काचेच्या केबिनमध्ये गुपित कुठलं राहणार? चाळिशीची बाई, केसांत पेन खोचलेलं, डोळे लाल.

"तुला सांगितलं होतं ना, गप्प बस म्हणून?"

"ताई, तुम्हाला लबाड म्हणत होते..."

"म्हणू द्यायचं होतंस की! मी ते पचवलं असतं. दोन महिने लोकांनी तोंडं वाकडी केली असती, मग विसरले असते. माझा कार्यक्रम राहिला असता, तुझं गाणं राहिलं असतं. तू आत जाऊन मला धुतल्या तांदळासारखी ठरवलंस रे. आणि माझं कुणी ऐकत नाही, हेही शपथेवर सांगितलंस."

आता सुयोग खरंच रडला. कसली लाज नि कसलं काय! "मी आत्ता काकांना फोन लावतो. आज सगळ्यांना करायला लावतो, सगळ्या वाड्यांना..."

"खबरदार!" गंधालीचा आवाज पॅसेजभर घुमला. "आज तुमचा एकही फोन येता कामा नये. माझा शेवटचा कार्यक्रम आहे. बाहेर खरंच कोणी आहे का, ते मला एकदा बघायचंय."

सुयोगनं गुणाजीला फोन करून सांगितलं. गुणाजीनं का म्हणून विचारलं नाही. पोराच्या आवाजावरून समजला असणार. त्यानं ग्रुपवर टाकलं, सप्ताह संपला, आज कोणीही फोन करायचा नाही. आणि मंडळ म्हणजे मंडळ. जसं एका शब्दावर उठलं होतं, तसं एका शब्दावर बसलं.

दुपारी गंधाली स्टुडिओत शिरली. काचेच्या अलीकडे सुयोग आणि निलेश उभे, मागे हाताची घडी घालून देवव्रत. माइकशेजारी फोनच्या चार लाइन होत्या, प्रत्येकीला एक छोटा लाल दिवा. फोन आला की लुकलुकायचा.

तिनं नमस्कार म्हटलं. रोजच्यासारखी दोन गाणी लावली, रोजच्यासारखी बडबड केली. मग म्हणाली, "आज 'बिनफिल्मी'चा शेवटचा दिवस. 'चोक ओढ'चं गाणं कुणाला ऐकायचं असेल तर फोन करा." नंबर सांगितला. थांबली.

दिवे विझलेलेच राहिले.

तिनं तिसरं गाणं लावलं. पुन्हा नंबर सांगितला, या खेपेला सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सांगावा तसा. काही नाही. एवढी मोठी मुंबई, दुकानांतून, रिक्षांतून, स्वयंपाकघरांतून रेडिओ चालू असणारच की! एखादा तरी असेल. एखादा पेंगणारा वॉचमन, एखादी डबा भरणारी बाई. एकाला तरी गाडी सुरू न होण्याचं ते गाणं भिडलं असेल ना कुठं? सुयोगनं मनातल्या मनात गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, एक फोन येऊ दे. राँग नंबर असला तरी चालेल, पण एक दिवा लागू दे.

देव गावी होता. दिवा काही लागला नाही.

देवव्रतनं घड्याळ बघितलं. गंधालीनं तिसऱ्यांदा नंबर सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचे खांदे पडलेले काचेतून दिसले. सुयोगला ते बघवेना. हा सगळा सत्यानाश आपल्या एका आईशप्पतनं केला, आणि आपण उभं राहून बघतोय. त्यानं खिशातून मोबाइल काढला. "येड्या, नको," निलेश पुटपुटला. तोवर नंबर लागला होता.

पहिल्या लाइनचा दिवा लुकलुकला.

गंधालीचा चेहरा असा उजळला, की सुयोगला वाटलं, आपण खून केला तरी देव माफ करील. तिनं हात पुढे केला. बटणावर बोट टेकणार तेवढ्यात तिची नजर काचेकडे गेली. सुयोग कानाला मोबाइल लावून उभा.

तिचा हात थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नाही, आजारी पोराकडे बघावं तसं. मग तिनं हात मागे घेतला आणि माइक जवळ ओढला. दिवा लुकलुकतच होता.

"आज कुणाचाही फोन आलेला नाही," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही. "हे गाणं कुणी मागितलेलं नाही. मला आवडतं, म्हणून लावतेय."

गॅरेजमधली कंप्रेसरची घरघर सुरू झाली, मग निलेशचा पहिला ठोका पडला. काचेच्या पलीकडे गंधालीनं डोळे मिटले आणि ती मान हलवू लागली, शटरखाली उभी असताना हलवत होती तशीच. सुयोगच्या कानात रिंग वाजत होती आणि ती बंद करायचं बळ त्याच्या बोटात उरलं नव्हतं.