सासूचं पाणी

अखितीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मिथुनच्या हातात लोटा, समोर नवं मडकं आणि शेजारी त्याची आई रंभाबाई.

गेल्या सालापर्यंत पितरांची नावं मिथुनचा बाप बाबुलाल घ्यायचा. यंदा बाबुलालच पितरांत गेला, म्हणून ते काम त्याच्या बायकोवर आलं. तिनं नाव घ्यायचं, पोरानं पाणी सोडायचं. नाव राहिलं तर तो पितर सालभर तहानलेला.

सासऱ्याचं नाव तिनं खाली पाहून घेतलं. नवऱ्याचं, तोंडावर पदर ओढून. दोन्ही नावं जन्मात पहिल्यांदा.

"आता आजीचं," मिथुन म्हणाला.

"तोंडात हाय. येऊन राह्यलं."

येत नव्हतं.

येत होतं ते असं: सासूच्या गालावरचा तीळ. कालवण खारट झालं तेव्हा पाठीत बसलेला सराट्याचा, उलथन्याचा फटका. मरताना सासूनं पाणी मागितलं, रंभा घेऊन आली, तवर ती गेली होती.

नाव नाही.

"काल चष्मा, परवा शेजारच्या पत्रूच्या पोराचं नाव इसरल्या," सून डिंपल म्हणाली. "मिथुन, आईले आरमोरीच्या डाक्टरले दाखव."

"तुह्या तोंडात नवऱ्याचं नाव सुपारीवानी असते, बाई. आमी सासूचं नाव कधी घेतलंच नाई. जे जिभेवर आलंच नाई, ते आज बलावलं त येते का?"

"मंग तिले म्हणत काय होते?"

"मी आत्या. तुहा सासरा माय. मामंजी नुसतेच खाकरत."

"आजी म्हणून सोडू का?" मिथुननं विचारलं. "लोटा जड होऊन राह्यला."

"गावात आज्या काय कमी मेल्या? भलतीनंच पाणी पेलं त?"

"त बाबाची माय म्हणतो."

त्यानं पाणी सोडलं. रंभाबाई जेवली नाही.

दुपारी अंगणात वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांत पत्रूची बकरी शिरली. रंभाबाई काठी घेऊन उठली. ह्याच कुंपणापाशी शेजारीण उभी राहून सासूशी भांडायची, तेव्हा सासूच्या बकरीवरून. रंभाबाईनं तोंड उघडलं आणि शेजारणीचंच बोलणं बाहेर पडलं.

"सोमारे, बांध तुही बकरी."

मग ती तशीच उभी राहिली. बकरी खात राहिली.

काठी भिंतीला टेकवून ती आत गेली. लोटा भरून आणला.

"सोमारी," ती म्हणाली, "घे. याही खेपेला उशीरच झाला."

सगळा लोटा सोडला. मग काठी उचलून पत्रूच्या घराकडे निघाली. वाटेत त्याच्या पोराचं नाव आठवलं. चैतू. ते आता कोणी विचारत नव्हतं.