उसवलेली माशी

मी एक माशी बोलतेय. घोंगावणारी नव्हे. मला उडता येत नाही, कुणाच्या ताटावर बसता येत नाही, आणि माझ्या पोटात लोखंडाचा आकडा आहे. थोडी पिसं, थोडं रेशीम आणि एक गळ, एवढ्यावर माझा संसार. वसंतात कुरुएन्यो नदीवर खऱ्या माश्या उठू लागल्या की त्यांच्यातलीच एक होऊन ट्राउट माशाला फसवायचं, हे माझं काम. आमच्या खोऱ्यात अशा फसवणुकीला कुणी नावं ठेवत नाही.

माझी पिसं मला बांधणाऱ्या युतिमियाच्या कोंबड्याची. तो अजून आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त ऐटीत आहे. आमच्या गावात असे कोंबडे कापत नाहीत. थंडी सरता सरता, चंद्र उतरणीला लागला की युतिमिया त्याला मांडीवर घ्यायची, डोळ्यांवर फडकं टाकायची आणि तिचा नवरा बेलार्मिनो पाठीवरची ठिपक्याठिपक्यांची पिसं एकेक करून उपटायचा. कोंबडा आकांत करायचा आणि मूठभर मका मिळाला की सगळं विसरायचा. पिसं पुन्हा यायची. हाच कोंबडा डोंगरापलीकडे नेला तर पिसांची झळाळी जाते, असं इथे सगळे सांगतात. पलीकडचे लोक हे ऐकून हसतात, आणि पिसं मात्र इथूनच नेतात.

मी जन्मले ती हिवाळ्यातली संध्याकाळ होती. शेजारीपाजारी युतिमियाच्या चुलीभोवती जमले होते. हातात काम आणि तोंडात गोष्ट, ही इथली रीत. शेजारचा एवेलिओ लांडग्याची गोष्ट सांगत होता. दरवर्षी तो तीच सांगतो आणि दरवर्षी लांडगा थोडा मोठा होतो. युतिमियाने गळ अंगठा आणि बोटात धरला. शेजारी रफूची टोपली होती. तिने न बघताच त्यात हात घातला, विटकरी लोकरीचा पीळ सोडून एकच धागा वेगळा केला आणि माझ्या अंगावर गुंडाळला. त्यावर मधाच्या रंगाचं रेशीम चढवलं. मग पिसांच्या काड्या पंख्यासारख्या उघडून बांधल्या, ओठाने दोरा ओला केला आणि डोक्याशी शेवटची गाठ मारली.

“झाली,” ती म्हणाली, आणि मला इतर माश्यांबरोबर गोड वड्यांच्या रिकाम्या डब्यात टाकलं.

बर्फ वितळायच्या आधीच युतिमिया गेली. खोकल्याचं निमित्त झालं.

आमच्याकडे मयताला आलेल्या माणसाला रिकाम्या हातांनी पाठवत नाहीत. त्या घरचा पाव त्याच्या हातावर ठेवायचा असतो. पण पाव भाजणारीच गेली होती. माणसं दारात उभी होती, आणि बेलार्मिनोला काही सुचेना. त्याने फळीवरचा डबा काढला आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एक माशी ठेवत गेला. कुणी नको म्हणालं नाही. अशा वेळी नको म्हणायचं नसतं. डबा रिकामा झाल्यावर त्याने आत बोट फिरवलं. कोपऱ्यात अडकलेली मी त्याच्या बोटाला टोचले. तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय वाटून टाकलं ते.

दिलेलं परत कसं मागणार? हंगाम सुरू झाला, आणि बाकीच्या माझ्या बहिणी एकेक करून कामी आल्या. कुणी माशाच्या जबड्यात तुटली, कुणी खडकाखाली राहिली. एवेलिओने त्याची पहिल्याच दिवशी झाडात अडकवून घालवली. उरले मी. बेलार्मिनोने मला टोपीला टोचून ठेवलं होतं. बोलता बोलता त्याचं बोट वर जायचं आणि मी आहे ना, हे बघून खाली यायचं.

त्यांची मुलगी नेलिदा आईच्या मयताला शहरातून आली ती परत गेली नव्हती. लिओनला ती शिवणाच्या दुकानात कामाला होती. मालकिणीला तिने उन्हाळा लागताना येणाऱ्या सान हुआनच्या सणापर्यंतची मुदत मागितली होती. रोज सकाळी आईच्या खुर्चीत बसून ती माश्या बांधायची. दिसायला त्या हुबेहूब माझ्यासारख्या. खिडकीशी धरून रेशमाचा रंग जुळवलेला, पिसं त्याच कोंबड्याची. पण पाण्यात पडल्या की मासे वर यायचे, जवळ यायचे आणि वळून जायचे.

“मासे येत नाहीत असं नाही गं,” एवेलिओ म्हणाला. “येतात, जवळून बघतात, ‘आज युतिमियाबाई नाही आल्या का?’ असं विचारतात आणि जातात.”

बोलून गेला आणि मग टोपी काढून खाली बघत उभा राहिला.

“बसा एवेलिओकाका,” नेलिदा म्हणाली. “खरंच तर बोललात.”

त्या रात्री जेवताना तिने विषय काढला. “बाबा, टोपीतली ती माशी द्या मला. एकदा उसवून बघते.”

“वरून बघ.”

“वरून बघूनच एवढ्या बांधल्या.”

“मग आणखी बघ.”

“उसवलेलं परत शिवता येतं, बाबा. दुकानात मी दुसरं काय करते?”

“तू शिवशील,” तो म्हणाला. “तिनं शिवलेलं राहील का?”

नेलिदाने ताटल्या गोळा केल्या. धुता धुता, पाठमोरीच म्हणाली, “मला ही माशी जमली तर मी राहीन. नाही जमली तर जाईन. नुसतं तिच्या खुर्चीत बसून राहणं मला नाही जमायचं.”

बेलार्मिनोचं बोट टोपीकडे गेलं. मला सगळं ठाऊक होतं. कोरडी असताना मी आणि नेलिदाच्या माश्या जुळ्या बहिणी. पण पाण्यात रेशीम भिजून काचेसारखं होतं आणि माझ्या पोटातला विटकरी धागा आतून उजळतो. खऱ्या माशीचं पोट उन्हात तसंच दिसतं. गावातले सगळे माश्या खिडकीशी धरून पारखणारे. पाण्यात बुडवून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी सांगितलं असतं, पण माझं तोंड म्हणजे एक गाठ, आणि ती युतिमियाने घट्ट मारलेली.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी नदीवर इतक्या माश्या उठल्या की पाणी उकळल्यासारखं दिसू लागलं. जिकडेतिकडे ट्राउट उसळत होते. नेलिदाची माशी त्यांच्यामधून रिकामी वाहत गेली. बेलार्मिनो एवेलिओबरोबर काठावर उभा राहून बराच वेळ बघत होता. खोट माशीत आहे की नदीत, हे त्याला एकदा बघायचं असावं. त्याने मला टोपीतून काढलं आणि मासेमारीच्या काठीच्या दोरीला बांधलं.

मी पाण्यावर पडले मात्र, एक ट्राउट सरळ वर आला आणि त्याने मला घेतलं. बेलार्मिनोने त्याला हळूहळू काठाशी आणलं, सोडवलं आणि पुन्हा मला फेकलं. वारा आडवा आला. मी पलीकडून पाण्यावर झुकलेल्या विलोच्या झाडाच्या फांदीत जाऊन अडकले.

त्याने ओढून पाहिलं. मी सुटले नाही. मग त्याने काठी खाली ठेवली आणि तो पाण्यात उतरला.

“बाबा! दोरी तोडा!”

ते वितळलेल्या बर्फाचं पाणी होतं. कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. मध्यावर त्याचा पाय घसरला. टोपी वाहत गेली, आणि थोडा वेळ फक्त एक हात दिसत होता. तो हात फांदीला लागला. फांदी धरून तो उभा राहिला, मला ओरबाडून मुठीत घेतलं. परतताना एवेलिओने काठी पुढे केली आणि नेलिदाने एवेलिओला मागून धरलं, तेव्हा कुठे तो बाहेर आला.

“आईच्या पाठोपाठ तुम्हालाही पोचवायला लावणार होतात मला?” नेलिदाचा आवाज फाटला होता. “एका माशीपायी?”

त्याने मूठ उघडली. मी त्याच्या तळव्यात रुतले होते.

घरी तिने त्याला घोंगडीत गुंडाळून चुलीशी बसवलं. लसणाचं गरम सूप दिलं. ओले कपडे, मोजे चुलीवरच्या तारेवर वाळत घातले. सूप संपल्यावर बेलार्मिनोने मला टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडे सरकवलं.

“उसव.”

“नको, बाबा. राहू दे.”

“उसव म्हणतो ना. आज ती झाडावर राहिली असती तर वाऱ्यानं उसवली असती. त्यापेक्षा तू उसवलेली बरी.”

नेलिदाने पांढरी ताटली घेतली. उसवताना शेवटची गाठ आधी सुटते. सुईच्या टोकाने तिने ती सोडवली. बेलार्मिनो त्या वेळी चुलीकडे बघत होता. मग पिसांच्या काड्या ताटलीत पडल्या, मग रेशीम उलगडलं. मला थंडी वाजली म्हणावं तर थंडी कशी असते हे मला कुठे ठाऊक. पण हलकं वाटलं.

“हे काय?” नेलिदा पुढे वाकली. “आत लाल आहे काहीतरी.”

“लाल नाही, विटकरी,” बेलार्मिनो म्हणाला. “पण असं रेशीम आपल्याकडे नाहीच.”

दोघांनी रेशमाचा खण पालथा घातला. पिवळं निघालं, करडं निघालं, हे नाही. “कुणाकडून आणलं असेल?” नेलिदा विचारत होती. बेलार्मिनो वर तारेकडे बघत होता. काळ्या मोज्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि त्याच्या टाचेवर, भिजल्याने आणखीच तांबूस दिसणारी, नीट जाळीदार रफू होती.

त्याने मोजा काढला आणि ओलाच हातात घेऊन बसला.

“मी तिला म्हणायचो,” तो म्हणाला, “काळ्या मोज्याला हा कसला रंग लावतेस, लोक हसतील. तर म्हणायची, बुटाच्या आतलं कोण बघतंय!”

नेलिदा हसली, आणि मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो मोजा पिळत राहिला. त्यात आता पाणी उरलं नव्हतं.

त्याच रात्री तिने टोपलीतून लोकर काढली आणि माझ्याच गळावर मला पुन्हा बांधलं. आत विटकरी, वर नवं रेशीम, काही पिसं जुनी आणि काही नवी. मग मला पाण्याच्या पेल्यात टाकून दिव्यासमोर धरलं. मी आतून उजळले. तेव्हापासून मी कुणाची, हे मला नीट सांगता येत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

सान हुआनच्या होळ्या पेटल्या, विझल्या. नेलिदा गेली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी एका मोठ्या ट्राउटने मला घेऊन खडकाखाली दडी मारली आणि दोरी तुटली. एवेलिओ काठावरच होता.

“काय रे, उतरतोस का?”

“वेडा की काय?” बेलार्मिनो म्हणाला. “घरी टोपलीभर लोकर आहे.”

त्याने तुटक्या दोरीला दुसरी माशी बांधली. त्या माशाने दुपारपर्यंत मला झटकून टाकलं.

आता मी दगडांमध्ये पडले आहे. रेशीम विरतंय, गळ गंजतोय. येणाऱ्याजाणाऱ्यांना एवढंच सांगणं, की मला शोधू नका. चुकून पायाला टोचले तर माफ करा आणि पुढे जा. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की डोक्यावरून नेलिदाने बांधलेल्या माझ्या नव्या बहिणी वाहत जातात. एकीलाही मी आधी कधी पाहिलेलं नाही, पण पाण्यात त्यांची पोटं उजळतात आणि मी त्यांना ओळखते.