परक्या बाईसमोर

तोक्तोसूनला पहिल्याच प्रश्नाचा राग आला. चारचौघांच्या मेजवानीला जायला तुम्हाला आवडतं का? पुढे चार रकाने: अगदी खरं, थोडंफार खरं, फारसं खरं नाही, मुळीच नाही. लग्नाला, मयताला माणूस आवडतं म्हणून जातो की काय? बोलावणं आलं की जायचं. तो मुलीला म्हणाला, "हे ज्याने लिहिलंय त्याला कुणी कधी बोलावलेलं दिसत नाही."

पेरिझात म्हणाली, "बाबा, मनाला वाटेल ते लिहा."

"मनाला वाटेल ते कशाला? खरं ते लिहितो."

बिश्केकच्या या दवाखान्यात त्याला आणायला तिने हिवाळाभर मिनत्या केल्या होत्या.

गेल्या वर्षी त्याची बायको बुर्माकान गेली. अंगणात तिच्यासाठी युर्टा, म्हणजे लोकरीचा गोल तंबू, उभारला. दुखवट्याला येणारे पुरुष लांबूनच हंबरडा फोडत येतात आणि दाराशी काठीवर वाकून उभे असलेले घरचे पुरुष तसाच हंबरडा फोडून त्यांना उत्तर देतात. तोक्तोसून काठी धरून सरळ उभा राहिला. तोंडातून आवाज निघाला नाही. एक म्हातारा "परवापर्यंत धडधाकट होतीस गं" म्हणून रडत आला, तेव्हा हा त्याला म्हणाला, "धडधाकट नव्हती. तिची मूत्रपिंडं कधीचीच बिघडली होती." बुर्माकानचा धाकटा भाऊ एस्तेबेस याने त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि सगळ्या गावादेखत म्हणाला, "माझी बहीण दगडाबरोबर नांदली."

आता वर्षाचं जेवण तोंडावर आलं होतं. त्या दिवशी दाराशी शेवटचा हंबरडा फोडायचा आणि दुखवटा संपवायचा. बुर्माकानच्या भावांनी निरोप धाडला होता की दाराशी आम्ही उभे राहू, जेझदेंनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, लेकीकडेच थांबावं. पेरिझात शाळेत शिकवायची. वर्गातल्या एका मुलात तिला आपला बाप दिसला होता. ऑटिझम हा शब्द घरात तिनेच आणला. हे जन्मापासूनचं आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर मामा ऐकतील, असं तिचं म्हणणं. तोक्तोसूनला त्या शब्दाशी देणंघेणं नव्हतं. त्याला बायकोच्या दाराशी उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी कागद लागावा याचीच त्याला चीड होती.

ऐकणारा कंटाळला की तुमच्या लक्षात येतं का, असा पुढे प्रश्न होता. इथे तो बराच वेळ अडला. जेवणाच्या दस्तरखानाशी बसून तो कालव्याच्या दारांबद्दल बोलत सुटला की बुर्माकान गुडघ्याने त्याचा गुडघा दाबायची. मग तो थांबायचा. अशा माणसासाठी रकानाच नव्हता. त्याने कडेला लिहिलं, "बायको होती तेव्हा यायचं." पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

दुसरी प्रश्नावली नातेवाइकासाठी होती. लहानपणापासून ओळखणारं माणूस हवं, असं डॉक्टर लारिसाबाईंनी सांगितलं होतं. तोक्तोसूनचे आईवडील कधीच गेले. एकाच गल्लीत वाढलेला असा एस्तेबेसच उरला होता. पेरिझातने मामाचे पाय धरले, म्हणून तो गावाहून, कोचकोरहून, गाडी घेऊन आला, शेजारच्या खोलीत बसला आणि चहा निवायच्या आत कागद भरून बाहेर आला.

लारिसाबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. दोन्ही कागद पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या की हे जुळत नाही. एका कागदावरून निदानाकडे बोट जातं, दुसऱ्यावर बोट ठेवायला जागा नाही. मग त्यांनी एस्तेबेसची उत्तरं वाचली. माणसांत सहज मिसळतात. समोरच्याचं मन ओळखतात. बोलण्याने कधी कुणाला दुखावलं नाही. लहानपणी मित्र पुष्कळ.

तोक्तोसून उठून उभा राहिला.

"हे कोणाबद्दल लिहिलंस?"

"तुमच्याबद्दल, जेझदे."

"गावादेखत दगड म्हणालास. इथे मी लोण्याचा झालो?"

"ते घरातलं होतं," एस्तेबेस म्हणाला. "परक्या बाईसमोर बहिणीच्या नवऱ्याची निंदा करू? बहिणीच्या तोंडाला काळं फासू? आमच्याकडे असं करत नाहीत."

"घरात लाथ मारायची आणि परक्यासमोर गादी घालायची. हे करतात तुमच्याकडे." तोक्तोसूनचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "जन्मात पहिल्यांदा कुणीतरी खरं विचारतंय, तर तू खोटं लिहितोस. दाराशी बोललास ते इथे बोल. बोल."

पेरिझात त्याचा हात धरायला गेली. त्याने झटकला. एस्तेबेसचाही तोल सुटला. ऐका मग, असं म्हणून तो सांगत सुटला. शाळेत सगळी पोरं घोड्यांवर, आणि हा दिवसभर कालव्याच्या दाराशी एकटा, पाणी बघत. सोयरीक झाली त्या दिवशी आमच्या बापाने भेट दिलेल्या घोड्याचं तोंड उघडून सगळ्यांसमोर म्हणाला की हा म्हातारा आहे. बाप आयुष्यभर ते विसरला नाही. बहीण मात्र हसली होती. जन्मभर तिने याला सांभाळलं, याच्यासाठी माफ्या मागत फिरली. लारिसाबाई नव्या कागदावर भराभर लिहीत होत्या.

"आणि ती गेली तर डोळ्याला पाणी नाही," एस्तेबेस म्हणाला.

"कधी काय करायचं ते तीच सांगायची," तोक्तोसून म्हणाला. "मी तिथे उभा राहून वाट बघत होतो. कुणी सांगितलं नाही. तू दंड धरून मागे ओढलंस."

एस्तेबेसने टोपी काढली, पुन्हा घातली. लारिसाबाईंनी सांगितलं की आता आणखी एक बैठक लागेल, कागद त्या जेवणापूर्वी मिळणार नाही.

"नको मिळू दे," तोक्तोसून म्हणाला. "मी दाराशी उभा राहणार. कोण हलवतं ते बघतो."

खाली गाडीशी आल्यावर एस्तेबेस किल्ली चाचपत म्हणाला, "माझ्या शेजारी उभे राहा. वेळ झाली की कोपर मारीन."

"मारलंस तरी रडणार नाही."

"मग निदान तिच्या मूत्रपिंडांबद्दल बोलू नका."

"विचारलं तर सांगणार."

"जेझदे, तिथे कुणी विचारत नसतं."

"हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" तोक्तोसून म्हणाला, आणि गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की पेरिझात दचकली.