वाढप्याचा चेहरा

ठकूबाईनं सीडी आधी पदरानं पुसली, मग फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत घालत नवऱ्याला म्हणाली, "अवो, आता तरी चला. त्या टीव्हीच्या दुकानात समदं साफ दिसतंय म्हणं."

सोपानला जायचं नव्हतं. पण बाईनं पंधरा दिवस एकच धोशा लावला तर दगडालाही पाझर फुटतो, आणि हा तर नुसता तोंडाचा फटकळ माणूस. पायात वहाणा सरकवल्या आणि निघाला मुकाट्यानं.

त्याचं असं झालं. ठकूबाईच्या भाचीचं, इंद्रायणीचं, बोरी बुद्रुकला थाटात लग्न झालं. भावानं शूटिंगची सीडी पाठवली. महाळुंगे पडवळला घरच्या जुन्या टीव्हीसमोर दोघं बघत बसली. हळद झाली, अक्षता झाल्या, पंगत आली. पंगतीत हीच दोघं शेजारीशेजारी जेवतायत आणि पाठीमागून एक वाढपी वरणाची बादली घेऊन येतोय. दाढी वाढलेली, डोक्याला टॉवेल. दोघांच्या मागं आला की तो थबकतो. खाली बघतो. आणि पुढं जातो. समदं मिळून चार सेकंद.

"गोकुळ!" ठकूबाई किंचाळलीच.

गोकुळ त्यांचा एकुलता एक पोरगा. सहा वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. कारण काय, तर विहिरीचं पाणी तळाला गेलं तरी मोटार चालू ठेवून हा बांधावर झोपला आणि मोटार जळली. सोपाननं बटाटे काढायला आलेल्या बायांसमोर पायातली चप्पल काढून त्याला बडवलं. एकोणीस वर्षांच्या पोराला! जळलेली मोटार आठ दिवसांत नवी तार भरून आली. पोरगा आला नाही.

लग्नाच्या आचाऱ्याला विचारून झालं होतं. तो म्हणाला, "पावणं, वाढपी मी स्टँडवरनं रोजावर उचलतो. आज ह्यो, उद्या त्यो. नावं कोण विचारतंय?" स्टँडवर चार हेलपाटे झाले, तिथंही कुणाला पत्ता नाही. राहिली ती सीडी. आणि राहिली एक खूण. लहानपणी गोठ्याच्या उंबऱ्यावर आपटून गोकुळच्या डाव्या भुवईवर खोक पडली होती. ती दिसली तर तो गोकुळ. घरच्या टीव्हीवर भुवईच धड दिसत नव्हती, मग खोक कसली दिसतेय!

सोपानचं दुखणं मात्र वेगळंच होतं. तो गोकुळ नसला, तर पोरगं जगात आहे का नाही तेही ठाऊक नाही. आणि असला, तर त्यानं आईबापाला हातभर अंतरावरून पाहिलं आणि एक शब्द न बोलता तो निघून गेला. यातलं देवाकडं मागावं तरी काय? रात्रंदिवस तो हेच मनात घोळवत बसायचा आणि बायकोला काही सांगायचा नाही.

वारूळवाडीतल्या त्या दुकानात नवा टीव्ही आला होता, भिंतीएवढा, एचडी की काय तो. पडद्यावर एक मधमाशी फुलावर बसली होती. तिच्या पायाला लागलेला पिवळा कण न् कण दिसत होता.

"अगं बया!" ठकूबाईनं तोंडावर हात ठेवला. "माशीच्या पायाचा केस दिसतोय की वो! मंग पोराची खोक का न्हाई दिसायची?"

इतकं साफ! आता खरं काय ते कळणार, या विचारानं सोपानला घामच फुटला.

दुकानदार संपत भला माणूस होता. ही गिऱ्हाइकं नाहीत हे त्यानं ओळखलं होतं, तरी सोपाननं खाली मान घालून सगळं सांगितल्यावर त्यानं लगेच सीडी लावली.

मांडव आला. पण हा कसला मांडव? समदी माणसं पाण्यात भिजल्यासारखी. पंगत आली, वाढपी आला, थबकला. संपतनं तिथंच चित्र थांबवलं. तोंड चांगलं सुपाएवढं झालं होतं, आणि त्यात काहीच नव्हतं. तपकिरी चौकोन नुसते. डोळ्यांच्या जागी दोन काळे चौकोन. भुवई नाही, खोक नाही.

"ह्याच्यापरीस आमच्या घरच्या डब्यात बरं दिसतंय," ठकूबाई म्हणाली. "दादा, त्या माशीला केलं तसं करा की ह्येला."

"मावशी, माशीचं शूटिंगच तसल्या भारी कॅमेऱ्यानं केलंय. तुमच्या शूटिंगवाल्यानं टिपलंच न्हाई ते टीव्ही कुठनं आणणार? आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

"पर माशीला कोण शोधतंय, दादा?"

संपतनं दोघांना हातानं मागं सरायची खूण केली आणि म्हणाला, "जरा लांबनं बघा. लांबनं बरं दिसतंय."

दोघं मागं सरली. खरंच, चौकोन एकमेकांत मिसळले आणि चेहरा झाला. सोपानला त्यात गोकुळ दिसला. मग आपला मेलेला थोरला भाऊ दिसला. मग तो आचारीसुद्धा दिसला. त्याला रडूच यायला लागलं. नको तिथं हात उचलला, आता पोराचं तोंडसुद्धा ओळखता येईना!

ठकूबाई मात्र मागं मागं जातच राहिली. दारात गेली, पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीपाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. संपतनं सहज रिमोट दाबला आणि चित्र पुढं सरकलं. आता पडद्यावर नवरदेवाच्या मामाला फेटा बांधत होते.

"त्योच हाय!" पलीकडून ठकूबाई ओरडली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ती टीव्हीकडंच बघत होती. "अवो, माझा गोकुळच हाय!"

सोपाननं फेटेवाल्या मामाकडं बघितलं. मग बायकोकडं. जन्मात कुणाची भीडभाड न ठेवणारा माणूस, पण त्याच्या तोंडून खरं निघेना.

"व्हय," तो म्हणाला. मधून ट्रक गेला, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "व्हय, त्योच हाय!"

ठकूबाई गाड्यांची पर्वा न करता रस्ता ओलांडून आली. रडत होती, हसत होती. संपतनं काढून दिलेली सीडी तिनं फडक्यात गुंडाळली, पदर खोचला आणि सोपानच्या दंडाला धरून त्याला पायऱ्यांवरून खाली ओढलं.

"उभं काय ऱ्हायलाय? चला की, घिऊन येऊ त्येला."

रस्त्याच्या कडेला येऊन ती थांबली. एकदा जुन्नरच्या बाजूला बघितलं, एकदा स्टँडच्या बाजूला, आणि मग सोपानच्या तोंडाकडं.

"कुणीकडं जायचं वो?" तिनं विचारलं.