कोऱ्या टायरचे सर

लातूरच्या गंजगोलाईजवळ मल्लिनाथचं दुकान आहे. त्याचे वडील रेवणप्पा तिथं ताडपत्री, सुतळी आणि दोर विकायचे. अजूनही विकतात, फक्त आता डाव्या अंगाला. उजव्या अंगाला मल्लिनाथनं हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याला बांधायचे गार्ड लावले आहेत आणि काचेच्या कपाटात चामड्याचा एक अखंड रेसिंग सूट उभा केला आहे. डाळमिलवाले आले की डावीकडं वळतात, क्लासची पोरं उजवीकडं.

लॉकडाऊनमध्ये दोन्ही अंगं बंद पडली, तेव्हा मल्लिनाथची बायको मंजुषा म्हणाली, "तुम्ही तसंही दिवसभर बोलतच असता. मोबाइलपुढं बोला की."

तिथून व्हिडिओ सुरू झाले. मंजुषा नेटवर बसून इंग्रजी पानं वाचायची, मुद्दे काढून द्यायची आणि मल्लिनाथ ते बोलायचा. बोलायचा मात्र झकास. डोळे बारीक करून असा थांबायचा, जणू समोर वळण आलंय. त्याची सगळ्यात चाललेली मालिका होती 'ट्रॅक डेची तयारी'. रेसच्या ट्रॅकवर एक दिवस आपली गाडी नेऊन मनसोक्त पळवायची असेल तर काय न्यावं, काय खावं, सूट कसा निवडावा, कानात बोळे का घालावेत, पाणी किती प्यावं. मल्लिनाथनं ट्रॅक कधी पाहिला नव्हता. औशाच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी चालवण्यात त्याची हयात गेली होती. पण तो खोटंही कधी बोलला नाही. "मी ट्रॅकवर जातो तेव्हा" असं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. तो म्हणायचा, "आपण ट्रॅकवर जातो तेव्हा." मराठीतला 'आपण' हा फार सोयीचा शब्द आहे.

नांदेडच्या सुदर्शनचा फोन आला तो या 'आपण'वर विश्वास ठेवूनच. सुदर्शन औषधांच्या कंपनीत होता आणि नांदेडच्या मोटारसायकलवाल्यांचा क्लब चालवत होता. तो म्हणाला, "सर, हैदराबादच्या पलीकडं ट्रॅक बुक केलाय. सगळा क्लब येऊन ऱ्हायलाय. तुमचे व्हिडिओ बघूनच तर तयारी करायलोत आम्ही. तुमचंबी नाव टाकलंय. न्हाई म्हणू नका."

मल्लिनाथनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण सुदर्शननं 'सर' हा शब्द इतक्या आदरानं उच्चारला, की उघडलेल्या तोंडातून "हाव, येतो की" एवढंच बाहेर आलं.

"आता?" मंजुषानं विचारलं.

"आता काय. आदल्या दिवशी पाठ धरली म्हणून सांगतो."

"सांगू नका. जाऊ या. मलाबी बघायचंय, इतकी वर्षं कशाबद्दल लिहून देते ते."

मग तिनं त्याच्याच व्हिडिओतला एकेक मुद्दा त्याच्यावर लागू करायला सुरुवात केली. आठवडाभर आधीपासून लवकर झोपायचं. तेलकट बंद. गाडीची चेन, ब्रेकच्या पट्ट्या, टायरची हवा, सगळं तपासून घ्यायचं. मल्लिनाथ कुरकुरला, "अगं, ते लोकांसाठी हाय."

"तुम्ही कोण मग?" मंजुषा म्हणाली.

सूटचा प्रश्न त्याच्याच जिभेनं अवघड करून ठेवला होता. 'सूट अंगाला कातडीसारखा बसला पाहिजे. सैल सूट घालणाऱ्यानं घरी बसावं,' हे वाक्य त्यानं इतक्या वेळा बोलून ठेवलं होतं, की सैल सूट मागवायची सोय उरली नव्हती. काचेच्या कपाटातला सूट बाहेर काढला. तो पुतळ्याच्या मापाचा होता आणि पुतळ्याला पोट नव्हतं. मंजुषानं समोरून आणि मल्लिनाथनं श्वास आत ओढून चेन वर सरकवली. रेवणप्पा डाव्या अंगाला सुतळीचा गुंडा सोडवत हे बघत होते.

"तुरीचं पोतं दाबून शिवल्यागत दिसायलास," ते म्हणाले. "बसून दाखव बघू."

मल्लिनाथला बसता आलं नाही. तो म्हणाला, "अप्पा, हे बसायसाठी नसतंय."

"गाडीवर मग उभारून जाणार का?"

निघायच्या दिवशी पिकअपमध्ये गाडी चढवून रेवणप्पांनी स्वतः दोर आवळले. वर एक मोठी ताडपत्री आणि चार बांबू टाकले. मल्लिनाथ लाजला. तिथं नांदेडचे लोक भारी तंबू घेऊन येणार, त्यात आपण खळ्यावरची निळी ताडपत्री कुठं न्यायची? पण मंजुषानं ती उतरवू दिली नाही.

झहिराबाद मागं टाकून ते आदल्या संध्याकाळी पोचले, लॉजवर झोपले आणि सकाळी ट्रॅकवर गेले. मल्लिनाथनं आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅक पाहिला. त्याला वाटलं होतं रस्त्यासारखा असेल. हा रस्ता कुठंच जात नव्हता. नुसता रुंद आणि गुळगुळीत, वळून वळून परत तिथंच येणारा. ना म्हैस, ना स्पीडब्रेकर.

नांदेडची मंडळी आधीच आली होती. "सर आले!" असा गलका झाला. कुणी पाया पडायला वाकलं. आरशांवर आणि दिव्यांवर चिकटपट्टी कशी लावायची हे मल्लिनाथनं सगळ्यांना दाखवलं, कारण ते त्याला खरंच येत होतं. पडलं तर काच ट्रॅकवर पसरू नये म्हणून ती लावतात. त्यानं लावलेली पट्टी बघून मंडळींनी माना डोलावल्या.

मग सूचनांसाठी सगळ्यांना एका शेडमध्ये बोलावलं. शिकवणाऱ्यांत एक मुलगी होती, अक्षरा. मूळची उदगीरची, आता हैदराबादेत नोकरी करून शनिवार-रविवार इथं शिकवायची. तिनं झेंड्यांचे रंग समजावले, कुठून आत शिरायचं आणि कुठून बाहेर पडायचं ते सांगितलं आणि विचारलं, "पहिल्यांदाच आलेत त्यांनी हात वर करा. त्यांचा ग्रुप वेगळा, हळू चालणारा."

नांदेडच्या एकूण एक माणसानं हात वर केला. मल्लिनाथचा हात मांडीवरून उचललाही गेला होता, पण तेवढ्यात सुदर्शन म्हणाला, "मॅडम, आमच्या सरांना वरच्या ग्रुपात टाका. त्यांचं वेगळंय."

सगळ्यांनी मल्लिनाथकडं पाहिलं. उचललेला हात त्यानं तसाच वर नेला आणि केसांवरून फिरवला. मागं उभ्या असलेल्या मंजुषाकडं बघायचं त्यानं टाळलं. त्याच्या मनगटावर सरळ वरच्या ग्रुपची पट्टी बांधली गेली. त्या ग्रुपमधले लोक वळणात डांबराला घासून आपापल्या सूटच्या गुडघ्यांवर पडलेले ओरखडे एकमेकांना दाखवत होते.

आता सुटका एकच होती आणि ती त्याच्याच सल्ल्यातून आली. 'ऊन लागू नये म्हणून पहाटेपासून पाणी पीत राहा,' असं तो सांगायचा. मंजुषानं पहाटेपासून त्याला मीठ-साखरेचं पाणी, ताक, नारळपाणी आणि पुन्हा मीठ-साखरेचं पाणी पाजलं होतं. सूट चढवून, हेल्मेट घालून, हातमोजे ओढून तो रांगेत जायला निघाला आणि त्याला जाणवलं की जाणं शक्य नाही.

"मंजू," तो हेल्मेटमधून म्हणाला, "मला लघवीला जायचंय."

"आत्ता?"

"आत्ता!"

चेन अर्ध्यावर अडकली. मंजुषा ओढायला लागली, सुदर्शन धावत आला आणि पाठीमागून खांदे सोलायला लागला. केळं सोलतात तसं दोघांनी मिळून सरांना सोललं. मल्लिनाथ शौचालयाकडं ज्या वेगानं गेला, तो वेग त्या दिवशी त्याला पुन्हा गाठता आला नाही.

आत असतानाच त्यानं आपल्या ग्रुपच्या गाड्या सुटल्याचा आवाज ऐकला. एकामागून एक त्या समोरच्या सरळ पट्ट्यावरून गेल्या आणि पत्र्याचं दार थरथरलं. मल्लिनाथला दोन्ही प्रकारे मोकळं वाटलं.

बाहेर आला तर त्याच्या गाडीपाशी अक्षरा उकिडवी बसली होती. टायरवरून बोट फिरवत होती. रबराच्या कडा कोऱ्या होत्या. गाडी आजवर कधी धड कललीच नव्हती, त्यामुळं कारखान्यातून येताना टायरवर असलेले बारीक केसही तिथं शाबूत होते.

"काका," ती हळूच म्हणाली, "पहिलीच वेळ ना?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. मल्लिनाथ कमरेपर्यंत सोललेल्या सूटमध्ये उभा होता. एवढ्या उघड्या अवस्थेत माणसाला खोटं बोलणं जड जातं.

"हाव," तो म्हणाला.

"तुमचे व्हिडिओ मी बघितलेत. आईनं पाठवले होते मला, म्हणाली, बघ, आपल्याकडचा माणूस. चांगलं सांगता तुम्ही."

"ही लिहिती," त्यानं मंजुषाकडं बोट केलं. "मी नुसतं बोलतो."

अक्षरा हसली. तिनं त्याच्या मनगटावरची पट्टी कापली आणि हळू ग्रुपची बांधली. मग सुदर्शनला हाक मारून म्हणाली, "सर तुमच्यासोबत येतायत. सगळ्यांच्या मागं राहतील." ती पुढं काही बोलायच्या आत सुदर्शनच म्हणाला, "म्हणजे सर मागून आमची लाइन बघणार, कोण वळण कुठून घेतंय ते! अरे, सरांनी स्वतःचा ग्रुप सोडला आपल्यासाठी!"

टाळ्या वाजल्या.

मल्लिनाथ सगळ्यांत शेवटी निघाला. पहिल्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला तो इतका, की वळण येईपर्यंत त्याला पुन्हा वेग वाढवावा लागला. हात हँडलला आवळून दुखायला लागले. 'हँडल असं धरा की जणू हातात चिमणी आहे,' हे त्याचंच वाक्य. त्याच्या हातातल्या चिमणीचा केव्हाच जीव गेला होता. पुढची मंडळी लांब निघून गेली. सूट काखेत काचत होता. पण दोन-तीन फेऱ्यांनंतर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसांची भीती कमी झाली आणि मागच्या बाजूच्या एका लांबलचक उजव्या वळणात त्याला ब्रेक दाबायचा विसर पडला. गाडी आपोआप कलली. डांबर जवळ आलं, तसंच राहिलं, मग अलगद दूर गेलं. एवढंच झालं. मल्लिनाथ हेल्मेटच्या आत एकटाच मोठ्यानं "अय्यो!" म्हणाला आणि पुढच्या फेरीत त्या वळणाची वाट बघायला लागला.

खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. घाम गेला असेल असं त्यानं मंजुषाला सांगितलं.

"सर, आमची लाइन कशी वाटली?" सुदर्शननं विचारलं. सगळे भोवती जमले. मल्लिनाथला त्यांच्यापैकी एकही जण दुसऱ्या फेरीनंतर दिसला नव्हता. तो म्हणाला, "ते नंतर. आधी सूट कमरेपर्यंत उतरवा. बूट काढा, चपला घाला. पाणी प्या."

"बघा," सुदर्शन इतरांना म्हणाला, "मोठी माणसं लगेच चुका सांगत न्हाईत."

दुपारी ऊन असं तापलं की नांदेडकरांच्या भारी तंबूत उभं राहवेना. त्याचं कापड पातळ होतं आणि वारा आला की खांब उचलले जायचे. मंजुषानं मात्र बांबू रोवून रेवणप्पांची ताडपत्री ताणली होती, खाली सतरंजी घातली होती. हळूहळू सगळे तिथं आले. क्लबमधला व्यंकट, निलंग्याचा उसवाला, डोकं धरून बसला आणि तिथंच आडवा झाला. त्याचं अंग तापलं होतं आणि घाम थांबला होता. लोक घाबरून नुसते बघत राहिले. मल्लिनाथ घाबरला नाही, कारण हा भाग तो इतक्या वेळा बोलला होता की विचार करायची गरजच पडली नाही. सूट काढा, ओले पंचे मानेवर, काखेत ठेवा, वारा घाला, पळत जाऊन डॉक्टरला आणा. डॉक्टर येईपर्यंत व्यंकट डोळे उघडून बोलायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, "बरं केलं तुम्ही, लगेच गार केलं." पुढं त्याला दिवसभर गाडीवर बसू दिलं नाही. मंजुषानं आणलेला दहीभात त्यानं गुपचूप खाल्ला.

मल्लिनाथ आपल्या बायकोकडं बघत राहिला. वर्षानुवर्षं तो जे बोलत आला ते खरं होतं, हे त्याला आज कळत होतं.

संध्याकाळी सुदर्शननं मोबाइल समोर धरला. "सर, क्लबसाठी दोन शब्द."

मल्लिनाथनं यावेळी डोळे बारीक केले नाहीत. तो म्हणाला, "खरं सांगतो. मी आज आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकवर गाडी चालवली."

सुदर्शनचे डोळे पाणावले. "वा सर," तो म्हणाला. "दर वेळी पहिली वेळ समजूनच उतरायचं. केवढं मोठं बोललात!"

"न्हाई, तसं न्हाई, मी खरंच..."

पण टाळ्यांत पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. मंजुषा पदर तोंडाला लावून पिकअपच्या मागं गेली. ती हसत होती, हे एकट्या अक्षरानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात रेवणप्पांनी विचारलं, "कितवा नंबर आला?"

"अप्पा, ती शर्यत नसती. नंबर नसतोय."

"मग इतक्या लांब जाऊन काय केलास?"

मल्लिनाथनं ते उजवं वळण सांगायचा प्रयत्न केला. हात कलवून दाखवला. रेवणप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् ताडपत्री?"

"ताडपत्री लई कामाला आली."

"मग ठीकाय," म्हणत रेवणप्पा गिऱ्हाइकाकडं वळले.

सुदर्शननं टाकलेला तो व्हिडिओ मल्लिनाथच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालला. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मल्लिनाथनं आणखी एक व्हिडिओ करून सरळ सांगितलं, की मला काही येत नाही, मी सगळ्यांत मागं होतो. त्यावर तर लोक गहिवरलेच. शेवटी त्यानं सांगणं सोडून दिलं.

पावसाळा संपल्यावर नांदेडकरांनी पुन्हा ट्रॅक बुक केला. सुदर्शननं फोन केला तेव्हा मल्लिनाथ गिऱ्हाइकात होता, म्हणून मंजुषानं उचलला.

"वहिनी, सरांचं नाव टाकू ना?"

"टाका. हळू ग्रुपात."

"हाव, सर मागंच राहणार, माहिताय की. आमच्यावर लक्ष ठेवायला."

मंजुषा रोज स्कूटरवर गंजगोलाईच्या गर्दीतून भाजी आणते. ती म्हणाली, "आणि माझंबी टाका. मला कुणावर लक्ष ठेवायचं न्हाई. मी पुढं राहीन."