झालं गं, चहा घे

कपाच्या कानाशी बारीक चीर गेली होती, चहा गळत नव्हता पण बोटाला ती लागायची—दिल्लीच्या करोल बागेतून घेतलेला हा श्रीपादचा कप नीलाने ऑफिसातून घरी नेलाच नव्हता. द्वारकेच्या घरात त्याचं सगळं होतंच की... एवढं एक इथे राहिलं तर कुणाचं काय जातं?

पाच महिने झाले त्याला जाऊन. नवरा, आणि याच सेक्शनमधला सहकारीही. आणि आज चारपर्यंत तिलाच कळवायचं होतं, की सर्व्हरची मांडणी करणारा कोड आधी खोट्या मशीनवर तपासायला यापुढे काय वापरायचं: बाजारातलं नवं साधन, की श्रीपादने लिहिलेली जुनी तपासणी. शेजारच्या टेबलावरचा धीरज सकाळीच म्हणाला होता, मॅडम, आप जो कहेंगी. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की जुनी तपासणी पास झाली की शेवटी पडद्यावर एक ओळ उमटते—‘झालं गं, चहा घे’—आणि तेवढ्यासाठी ती रोज, गरज नसतानाही, अकरा मिनिटं बसून राहते. साऱ्या दिल्लीत तिला ‘गं’ म्हणणारं आता दुसरं कुणी नव्हतं.

पण काम ते काम. पारखायचं तर कोडात मुद्दाम खोट घालायची, हा त्याचाच दंडक. तिने रोजचा बॅकअप घेणारी ओळ उडवली. नव्या साधनाने चाळीस सेकंदांत नेमकं बोट ठेवलं. मग जुनी तपासणी लावली आणि देवाला घालावं तसं साकडं घातलं—पकड रे, एवढं पकड...

अकरा मिनिटं. झालं गं, चहा घे.

ओळ उडवलेली, तरी पास. तो गेला त्या सकाळीही असंच म्हणाला होता, छातीवरून हात फिरवत—काही नाही गं, ॲसिडिटी आहे, तू निघ, मेट्रो चुकेल—आणि ती निघाली, त्याच्या शब्दावर. पाच महिने स्वतःलाच बोल लावत आली, मी थांबले का नाही, मी का नाही... आणि तू? तू का नाही सांगितलंस, श्रीपाद? कधी नव्हे तो तिला त्याचा राग आला. आणि रागाच्या मागोमाग तो आज पुन्हा एकदा गेल्याचं दुःख.

धीरजने विचारलं, "मॅडम, पुरानावाला पास हुआ?"

"हां... पास बोल रहा है," ती म्हणाली.

चारपर्यंत पाठवायच्या तक्त्यातला जुन्या तपासणीपुढचा रकाना अजून कोराच होता. चहाची वेळ झाली होती. त्याच्या शब्दावर आज ती उठली नाही.